‘रयत’ शब्दाची कुळकथा

आमच्या मंडळाचे एक सभासद मागील उन्हाळ्यात देवणी बैलांची जोडी पाहण्याकरिता बीदरच्या बाजूस गेले होते. तेथील एका कानडी गृहस्थाने त्यांस विचारले, “नीवु रैतरा?” म्हणजे, आपण शेतकरी काय? आमच्या सभासदांस कानडी फारसे येत नाही. ‘रैत’ एवढा एक शब्द मात्र ओळखीचा वाटला, म्हणून त्यांनी भूमच्या रीतीप्रमाणे उत्तर दिले, “आम्ही एकटेच कशाला, सारा गावच सरकारची रयत आहे!” दुभाष्याने ते उत्तर समजावून सांगितले तेव्हा उभयता हसले, आणि बैलांचा सौदाही पुढे गोडीने झाला. परत आल्यावर त्यांनी ही हकीकत कचेरीत सांगितली आणि आम्हांस प्रश्न टाकला की, शब्द एकच असता तिकडे तो एका माणसास लागतो आणि इकडे साऱ्या समुदायास, हे कसे? शिवाय तो मूळचा कोणाचा? त्यांचा की आपला?

प्रश्न गमतीचा दिसला तरी तो पोकळ नाही. आपणांस लोक कोणत्या नावाने हाक मारतात आणि सरकारी दप्तरात आपण कोणत्या शब्दाखाली लिहिले जातो, यावर आजवर शेतकऱ्याचे पुष्कळसे बरेवाईट ठरत आले आहे. म्हणून या अंकी बी-बियाणे व खते बाजूस ठेवून आम्ही ‘रयत’ या शब्दाची कुळकथा वाचकांपुढे ठेवीत आहो.

शब्दाचे मूळ

‘रयत’ हा शब्द मूळचा अरबी आहे. त्या भाषेत ‘रआ’ म्हणजे त्याने चारले, राखले. ‘राई’ म्हणजे मेंढपाळ, ‘मरआ’ म्हणजे कुरण, आणि ‘रईया’ म्हणजे त्या मेंढपाळाने राखावयाचा कळप. आमच्या भूम तालुक्यातील वाचकांस हे चित्र समजून घेण्यास अरबस्तानात जाण्याचे कारण नाही. बालाघाटाच्या माळावर शेळ्यामेंढ्यांचा कळप, आणि त्याच्या मागे खांद्यावर घोंगडे व हातात काठी घेतलेला राखणारा, हे दृश्य आपण नित्य पाहतो. त्यातील काठीवाला तो ‘राई’ आणि पुढे चरणारी ती ‘रईया’. आपल्या मराठीतील ‘राखणे’, ‘राखण’, ‘गुराखी’ या शब्दांत जो भाव आहे, तोच या अरबी धातूत आहे.

आता कळपाचा शब्द माणसांस कसा लागला? राजा म्हणजे राखणारा आणि लोक म्हणजे त्याने राखावयाचे, ही कल्पना जगात पुष्कळ ठिकाणी आढळते. आपल्या संस्कृतात राजास ‘भूपाल’ म्हणतात, म्हणजे भूमीचे पालन करणारा. ‘गोप’ हा शब्द गाई राखणाऱ्यावरून निघून रक्षणकर्ता आणि राजा या अर्थापर्यंत गेला. प्रजेस संस्कृतात ‘प्रजा’ म्हणजे संतती म्हटले आहे. अरबी भाषेने कळपाचा दृष्टान्त घेतला, संस्कृताने लेकरांचा घेतला, इतकाच भेद. इस्लामी परंपरेत पैगंबरांचे म्हणून एक वचन प्रसिद्ध आहे. त्याचा आशय असा की, तुमच्यापैकी प्रत्येक जण मेंढपाळ आहे आणि प्रत्येकास आपल्या कळपाबद्दल जाब द्यावा लागेल. राज्यकर्त्यास लोकांबद्दल आणि गृहस्थास कुटुंबाबद्दल. म्हणजे मूळ शब्दात केवळ हाकणे नव्हते, जबाबदारीही होती. ही जबाबदारी वजा करून नुसते हाकणे शिल्लक उरले, तो दोष शब्दाचा नव्हे.

येथे आणखी एका शब्दाची ओळख करून देणे अवश्य आहे. हिंदी-उर्दूत ‘रियायत’ म्हणजे सूट, सवलत. निजामी अमलातील जुन्या माणसांच्या तोंडी हा शब्द असे. तोही याच धातूपासून निघाला आहे. राखणाऱ्याने आपल्या कळपाकडे लक्ष पुरविणे, त्याची काळजी वाहणे, ती ‘रियायत’. तेव्हा दुष्काळात रयतेने सूट मागितली तर ती भीक मागत नव्हती, राखणाऱ्यास त्याच्याच नावातील कर्तव्याचे स्मरण देत होती, असे शब्दशास्त्रच सांगते.

शब्दाचा प्रवास

अरबीतून हा शब्द फारसीत गेला आणि तेथे त्याचा अर्थ दोन अंगांनी वाढला. एक, राजाची प्रजा. दुसरा, जमीन कसणारा. इराणात या दुसऱ्या अर्थाने तो इतका रुळला की, तेथील जमीनदारीच्या पद्धतीस ‘अरबाब-रईयती’ असेच नाव पडले. अरबाब म्हणजे धनी आणि रईयत म्हणजे त्याचे कूळ. 1962 साली तेथे जमीनसुधारणेस आरंभ होईपर्यंत ती पद्धत चालू होती.

तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यात लोकांचे दोन ठळक वर्ग मानले जात. लष्करात व सरकारी चाकरीत असणारे एक, आणि कर भरणारे दुसरे. या दुसऱ्यांस ‘रेआया’ म्हणत. त्यात शेतकरी, उदमी, कारागीर सारेच येत. पुढे पुढे हा शब्द मुख्यत्वे ख्रिस्ती प्रजेसच लागू लागला, आणि त्यास तुच्छतेचा वास येऊ लागला. परंतु शब्दांचे दैव मोठे विचित्र असते. युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात, बोस्निया देशात, हाच शब्द ‘राया’ या उच्चाराने राहिला. आज तेथे त्याचा अर्थ ‘आपली मंडळी’, ‘आपला कंपू’ असा जिव्हाळ्याचा झाला आहे. ज्यांस कळप म्हणून हिणविले, त्यांनीच ते नाव आपल्या मैत्रीस दिले. आपल्याकडे ‘राया’ म्हणजे लाडका धनी. त्या ‘राया’शी याचा कोणताही संबंध नाही. उच्चार एक म्हणून मूळ एक, असे समजू नये, हा धडाही येथे घेण्यासारखा आहे.

दख्खनेत आगमन

दख्खनेत 1347 साली बहमनी राज्य स्थापन झाले, आणि तेव्हापासून राज्यकारभाराची भाषा म्हणून फारसी आपल्या गावांपर्यंत येऊन पोहोचली. आपल्या शेजारचा परांडा त्या इतिहासाचा साक्षी आहे. 1600 साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेल्यावर निजामशाहीचे तख्त काही काळ परांड्यास होते, आणि मलिक अंबरची कारकीर्द तेथूनच उदयास आली. मलिक अंबरने जमिनीच्या धाऱ्याची जी व्यवस्था लावली, तिची आठवण दख्खनेतील खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहिली. खरीप, रब्बी, जमीन, फसल, वसूल, जमाबंदी असे शेतीचे कितीतरी शब्द अरबी-फारसीतून आपल्या भाषेत रुजले, आणि त्यांबरोबरच ‘रयत’ही रुजला.

तो किती खोल रुजला हे शिवकालावरून कळते. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यकारभारातील फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द योजण्याकरिता ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध करविला, हे सर्वश्रुत आहे. तथापि ‘रयत’ हा शब्द मराठीतून गेला नाही. महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील आपल्या सैन्याच्या अधिकाऱ्यांस जे प्रसिद्ध पत्र पाठविले, त्यात ‘कुणबी’ आणि ‘रयत’ हे दोन्ही शब्द आले आहेत. छावणीत दाणागोटा सांभाळून वापरा. तो संपला म्हणजे तुम्ही कुणब्यांच्या घरचे दाणे, गवत, लाकूडफाटा, भाजीपाला घेऊ लागाल. मग तुमच्यापेक्षा मोगल बरा असे त्यांस वाटेल. असा त्या ताकिदीचा आशय आहे. राखणाराच कळपास लागला तर काय होते, हे त्याहून थोडक्यात कोणी सांगितले असेल असे आम्हांस वाटत नाही. ‘कुंपणानेच शेत खाणे’ ही आपली म्हण त्याच अनुभवाची आहे.

त्या काळच्या कागदांत रयतेस ‘आजार’ न देण्याविषयीच्या ताकिदी आढळतात. आजचा वाचक येथे अडखळेल. परंतु फारसीत ‘आजार’ म्हणजे उपद्रव, पीडा. माणसाने दिलेली पीडा तो ‘आजार’ ही मूळची गोष्ट. शरीरास झालेली पीडा हा अर्थ मराठीत मागाहून पक्का झाला.

यापुढचा दाखला आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रंथात, आरमाराकरिता लाकूड तोडण्याचे प्रकरण आहे. त्यात आंबा, फणस इत्यादी झाडांस रयतेच्या संमतीवाचून हात लावू नये असे बजाविले आहे. कारण असे दिले आहे की, ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत; रयतेने ती लेकरांप्रमाणे पुष्कळ काळ जतन करून वाढविलेली असतात. वाचकांनी येथे क्षणभर थांबून पाहावे. मूळ शब्दात रयत म्हणजे जिला राखावयाचे ती. येथे मात्र रयत स्वतःच राखणारी झाली आहे. झाड तिने राखले, जनावर तिने राखले, बी तिने राखले. मेंढपाळ व कळप या दृष्टान्तात जी गोष्ट झाकली गेली होती, ती या मराठी ग्रंथाने उघडी केली. कोणी कोणास पोसावे, याचा खरा हिशेब तेथे मांडला गेला आहे.

एक राज्य, तीन भाषा

आता आमच्या सभासदांच्या मूळ प्रश्नाकडे वळू. निजामाच्या हैदराबाद संस्थानात शेवटी सोळा जिल्हे होते. त्यांत आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. 1884 च्या सुमारास कचेरीची भाषा फारसी जाऊन उर्दू झाली. त्या उर्दूत ‘रय्यत’ हे एकवचन आणि ‘रिआया’ हे अनेकवचन. एम. नरसिंगराव यांचे ‘रय्यत’ याच नावाचे उर्दू वर्तमानपत्र हैदराबादेतून निघत असे. एकाच दरबाराचा एकच शब्द तिन्ही भाषांच्या घरी गेला, पण प्रत्येक घरी निराळा नांदला.

तेलुगूत तो ‘रैतु’ झाला आणि कानडीत ‘रैत’. दोन्हीकडे त्याचा अर्थ एक शेतकरी, एक माणूस. पुष्कळ असले तर तेलुगूत ‘रैतुलु’ आणि कानडीत ‘रैतरु’. मराठीत मात्र तो स्त्रीलिंगी समूहवाचक राहिला. ‘रयत सुखी आहे’, ‘रयत गांजली’ असे आपण म्हणतो. ‘मी एक रयत आहे’ असे सहसा म्हणत नाही. म्हणजे मराठीने शब्दाचा जुना अर्थ, कळपाचा आणि समुदायाचा, जास्त निष्ठेने जपला. तेलुगू व कानडीने त्या समुदायातून एकेक माणूस बाहेर काढून त्यास तेच नाव दिले. म्हणूनच 1980 साली कर्नाटकात स्थापन झालेल्या संघटनेचे नाव ‘राज्य रैत संघ’ असे आहे, आणि आंध्र प्रदेशात 1999 पासून शेतकऱ्यांनी स्वतः भाजी विकण्याचे जे बाजार निघाले त्यांस ‘रैतु बजार’ म्हणतात. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली ‘रयत शिक्षण संस्था’ काढली. तेथे ‘रयत’ म्हणजे केवळ शेतकरी नव्हे, तर सारी सामान्य जनता. तिन्ही उपयोग शुद्धच आहेत. बीदरच्या गृहस्थांचा प्रश्न बरोबर होता आणि आमच्या सभासदांचे उत्तरही बरोबर होते.

मराठीस एका माणसाकरिता निराळा शब्द लागत होता, आणि तिच्याजवळ असे शब्द पुष्कळ होते. ‘कुणबी’ हा संस्कृत ‘कुटुंबिन्’ यापासून आला असे मानतात. कुटुंब करून राहणारा, घर धरून असणारा, तो कुणबी. ‘कूळ’ म्हणजे आरंभी घराणे. मग दप्तरात धारा देणाऱ्या घराण्याची नोंद ते ‘कूळ’, आणि त्या नोंदी ठेवणारा तो ‘कुळकर्णी’. पुढे दुसऱ्याची जमीन करणारा तोही ‘कूळ’ आणि सावकाराचा ऋणको तोही ‘कूळ’. एका शब्दाच्या या उतरंडीत आपल्या खेड्यांचा अर्थशास्त्रीय इतिहास आला आहे. कानडीत ‘ओक्कलु’ या शब्दात वस्ती करून राहणे आणि शेती करणे हे दोन्ही अर्थ आहेत. तेलुगूतील ‘कापु’ शब्द तर आमच्या विषयास फारच जवळचा आहे. त्याचा मूळ अर्थ राखण, पहारा. आणि मग शेतकरी. म्हणजे तेलुगू माणसाच्या घरी दोन शब्द शेजारी शेजारी राहिले. ‘रैतु’ म्हणजे ज्यास राखावयाचे तो, आणि ‘कापु’ म्हणजे जो राखतो तो. दोघांचा अर्थ शेतकरीच.

‘शेतकरी’ हा आपला आजचा शब्द सरळ आहे. क्षेत्राचे शेत झाले, आणि ते करणारा तो शेतकरी. त्यात राजा नाही, धारा नाही, कळप नाही. फक्त काम आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1883 साली आपल्या ग्रंथास ‘शेतकऱ्याचा असूड’ असे नाव दिले. त्यापूर्वी 1869 च्या पोवाड्यात त्यांनी शिवाजी महाराजांस ‘कुळवाडीभूषण’ म्हटले होते. राजाचे मोठेपण त्यांनी कुळवाड्यावरून मापले, ही गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे.

बार्शीचा नाका आणि दोन दप्तरे

इंग्रज आले तेव्हा हा शब्द त्यांच्या भाषेतही शिरला आणि ‘रायट’ या उच्चाराने त्यांच्या कोशांत बसला. 1792 पासून बारामहालात अलेक्झांडर रीड व टॉमस मन्रो यांनी शेतकऱ्याशी थेट आकारणी करण्याचा प्रयोग केला. त्यातून पुढे मद्रास इलाख्याची ‘रयतवारी’ बनली. बंगालमध्ये 1793 साली जमीनदाराशी कायमचा ठराव झाला होता. रयतवारीत मधला जमीनदार गाळला गेला. मुंबई इलाख्यात पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात 1835 पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी पाहणी करून तीस वर्षांची आकारणी ठरविली. रयतेचे नाव प्रथमच सर्वे नंबरापुढे एकेकटे लिहिले गेले. समुदायातून माणूस सुटा झाला खरा, पण त्याबरोबर देण्याचा बोजाही एकट्याच्या डोक्यावर आला. नगदीने आणि ठरल्या हप्त्याने धारा भरण्याकरिता तो सावकाराकडे गेला. 1875 च्या मे महिन्यात सुपे गावी सावकारांची कर्जखते जाळण्यात आली आणि तो वणवा पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कर्जनिवारण कायदा हे त्याचे फळ होय.

इंग्रजांच्या स्वतःच्या भाषेतील ‘फार्मर’ शब्दाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. मध्ययुगीन लॅटिनीत ‘फिर्मा’ म्हणजे ठरीव रक्कम, मक्ता. मक्त्याने वसूल किंवा जमीन घेणारा तो ‘फार्मर’. कसणारा हा अर्थ त्यास मागाहून आला. तेव्हा कळपाची उपमा जशी आपल्या ‘रयते’च्या पोटात आहे, तसा मक्तेदार त्यांच्या ‘फार्मर’च्या पोटात आहे.

आमच्या भूमच्या लोकांस या दोन राज्यांतील भेद पुस्तकातून शिकावा लागत नसे. बार्शी इंग्रजी मुलखात, भूम निजामी मुलखात. 1897 मध्ये बार्शीस छोटी रेल्वे आली आणि तेथील पेठ भरभराटली. तिकडे माल न्यावयाचा म्हणजे सरहद्दीवर निजामाच्या ‘करोडगिरी’ खात्याचा, म्हणजे जकातीचा, नाका ओलांडावा लागे. नाक्याच्या पलीकडील दप्तरात मोडी-मराठी व इंग्रजी, अलीकडील दप्तरात उर्दू. शेतकरी तोच, ज्वारी तीच, पण कागदावरील त्याचे नाव निराळे.

हैदराबाद संस्थानच्या 1317 फसलीच्या, म्हणजे इसवी सन 1907-08 च्या, जमीन महसूल कायद्यात ही नावे नीट मांडलेली आहेत. सरकारास धारा देण्यास जो थेट जबाबदार तो ‘पट्टेदार’. त्याच्याबरोबर जमिनीवर हक्क किंवा पूर्वीपासून सामाईक कबजा असणारा तो ‘शिकमीदार’. आणि कराराने किंवा तोंडी बोलीने जमीन करणारा तो ‘असामी शिकमी’. फारसीत ‘शिकम’ म्हणजे पोट. पट्टेदाराच्या पोटात राहणारा तो शिकमीदार. आपल्या ‘पोटहिस्सा’ व ‘पोटकूळ’ या शब्दांत हेच चित्र उभे आहे. ‘असामी’ हा शब्द तर अरबी ‘इस्म’, म्हणजे नाव, याच्या अनेकवचनापासून निघाला आहे. यादीतील नावे ती असामी. आज मराठीत ‘बडी असामी’ म्हणजे मोठा मनुष्य. त्या कायद्यात ‘असामी शिकमी’ म्हणजे सर्वांत खालचा, ज्याचे नाव बहुधा यादीत नसेच. ज्याच्या शब्दातच ‘नाव’ आहे त्याचेच नाव कागदावर नसावे, ही विसंगती आम्हांस बोचल्यावाचून राहत नाही.

नाव कोणाचे, नांगर कोणाचा

17 सप्टेंबर 1948 रोजी निजामी सत्ता संपली. 1949 साली जहागिरी नष्ट झाल्या, आणि 1950 साली हैदराबादचा कूळवहिवाटीचा कायदा होऊन ‘संरक्षित कूळ’ हा नवा वर्ग कागदावर आला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी संस्थानच्या तीन भाषांचे मुलूख तीन राज्यांत गेले. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने आपणांस ‘भोगवटादार’ हे नाव दिले, वर्ग 1 आणि वर्ग 2. ‘रयत’ हा शब्द दप्तरातून बहुतेक गेला. तो भाषणांत, संस्थांच्या नावांत आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात उरला. त्याचे आम्हांस दुःख नाही. कळप म्हणून ओळखले जाण्यापेक्षा खातेदार म्हणून ओळखले जाणे बरे.

परंतु शब्द गेला तरी प्रश्न राहिला, आणि तो शेजारच्या तेलंगणाने आपणांस दाखवून दिला आहे. तेथे 2018 मध्ये ‘रैतु बंधु’ नावाची योजना निघाली. प्रथम एकरी चार हजार रुपये प्रत्येक हंगामास देण्यात येऊ लागले. पैसा कोणास? पट्टेदारास. जो दुसऱ्याची जमीन खंडाने करतो, त्यास तेलुगूत ‘कौलु रैतु’ म्हणतात. हा ‘कौल’ आपलाच. अरबीत त्याचा अर्थ वचन. मराठीत उजाड गाव पुन्हा वसविण्याकरिता रयतेस दिलेले अभय तो कौल. तेलुगूत त्याचा अर्थ जमिनीचा खंडपट्टा. या कौलु रैतुस त्या योजनेत स्थान नव्हते. योजनेच्या नावात ‘रैतु’ होता, आणि नांगर धरणारा रैतु बाहेर उभा होता. केंद्र सरकारच्या 2019 च्या ‘किसान सन्मान’ योजनेतही जमीन नावावर असणे हीच अट आहे. ‘किसान’ हा शब्द संस्कृत ‘कृषाण’ म्हणजे नांगरणारा यापासून आला आहे, हे सांगितले म्हणजे पुरे.

आपल्या भूम तालुक्यात हे चित्र निराळे आहे असे कोणीही म्हणणार नाही. ज्याचा मुलगा पुण्यास गेला तो आपली जमीन बटाईने लावतो. बोली तोंडी होते. लेखी करण्यास मालक भितो, की उद्या हा कूळ म्हणून उभा राहील. आणि बटाईदार आग्रह धरीत नाही, की पुढच्या वर्षी जमीन मिळणार नाही. पाऊस दगा देतो किंवा अतिवृष्टीने सोयाबीन शेतातच कुजते. बियाण्याचे व मजुरीचे नुकसान बटाईदाराचे, आणि मदतीची रक्कम सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात. यात मालक लबाड असतोच असे नाही. किती ठिकाणी मालक स्वतः होऊन अर्धी रक्कम काढून देतो, हे आम्ही पाहिले आहे. परंतु जे एकाच्या भलेपणावर चालते, त्यास व्यवस्था म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट घरातील आहे. ‘रयत’ हा शब्द व्याकरणाने स्त्रीलिंगी. खुरपणी, वेचणी, मळणी, गोठा आणि भूमच्या खव्याच्या भट्टीस लागणारे दूध, हे बहुतेक बाईच्या हातचे. पण सातबाऱ्यावर तिचे नाव किती घरांत आहे, हे ज्याने त्याने आपल्या कपाटातील उतारा काढून पाहावे. 1990 च्या सुमारास शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ केली, तेव्हा पुष्कळ गावांतील पुरुषांनी आपल्या जमिनीचा भाग पत्नीच्या नावे केला होता. ती गोष्ट जुनी झाली म्हणून संपली असे नव्हे.

तेव्हा या कुळकथेचा आम्ही काढलेला निष्कर्ष वाचकांपुढे ठेवतो. मेंढपाळ कळप मोजतो, तो डोकी मोजतो, नावे लिहीत नाही. माणसाचे नाव लिहिले जाते तेव्हाच तो कळपातून बाहेर येतो. पूर्वी पीकपाहणी तलाठी लिहीत असे आणि रयत ती क्वचित वाचीत असे. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकऱ्याने आपले पीक आपल्या हाताने नोंदविण्याची सोय राज्यभर झाली आहे. ही सोय कंटाळा करून दुसऱ्यावर सोपविण्याजोगी नाही. आमची सभासदांस तीन गोष्टींची विनंती आहे. एक, आपला उतारा वर्षातून एकदा तरी स्वतः वाचावा, आणि नावातील चूक अडचण येण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. दोन, बटाईची बोली साध्या भाषेत का होईना, लेखी करावी आणि नुकसानीची मदत आल्यास ती कशी वाटावयाची हे त्यात आधीच लिहावे. पीकविम्यास भाड्याने जमीन करणारा पात्र ठरू शकतो, परंतु त्यास नोंदणी केलेला करार लागतो, हेही ध्यानी ठेवावे. तीन, घरच्या लक्ष्मीचे नाव जमिनीवर लावण्याचा विचार या दिवाळीपूर्वी करावा.

आमचे ते सभासद बीदरहून आणलेल्या जोडीने सध्या आपली जमीन नांगरीत आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांस असे दिले की, शब्द अरबांचा, वाट फारसीची, घर मात्र आपल्या तिघांचे. आणि त्याचा अर्थ आता ‘ज्यास दुसऱ्याने राखावे तो’ असा कोणी करील, तर अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील ती आंब्या-फणसाची झाडे त्यास दाखवावीत. त्यांनी हे ऐकून घेतले आणि विचारले, “मग उतारा काढावयास तलाठ्याकडे कधी जावयाचे?” हा प्रश्न आमच्या सर्व वाचकांनी विचारावा, एवढीच इच्छा.